वावराले दरवाजा नसते

गुन्हेमालिकेतला दरवाजा कधी नुसता लोटलेला नसतो. तो आतून बंद असतो आणि त्याच्यामागे जे असतं ते हमखास खरं असतं: प्रेत, पैशांची बॅग, नाहीतर दबा धरून बसलेला आरोपी. ‘सीआयडी’मधला दया दोन पावलं मागं सरकतो, लाथ घालतो, लाकूड फाटतं आणि सत्य चौकटीत उभं राहतं. २१ जानेवारी १९९८ ला सोनी टीव्हीवर सुरू झालेली ही मालिका २०१८ पर्यंत चालली. दीड हजारांहून जास्त भाग झाले. मध्ये सहा वर्षं थांबून डिसेंबर २०२४ मध्ये ती परत आली. एवढ्या काळात आपल्या हातातला फोन बदलला, सरकारं बदलली, कपाशीचं बियाणं बदललं. दरवाजा मात्र तुटतोच आहे.

मी अकोला जिल्ह्यातल्या एका गावात वाढलो आणि आता अमरावतीत राहतो. आमच्या घरी ‘सीआयडी’ जवळजवळ नित्यनेमासारखी चालायची. आजीला हिंदी अर्धीच समजायची, पण खुनी कोण हे ती पहिल्या दहा मिनिटांत सांगायची आणि बहुतेकदा बरोबर सांगायची. ‘कसं ओळखलं?’ विचारलं की म्हणायची, ‘जो सगळ्यात जास्त रडून राह्यला, तोच आहे पाय.’ तिनं समीक्षेचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. तिला संकेत कळत होते.

म्हणून या लेखात मला मालिकांना नावं ठेवायची नाहीत. नावं ठेवणं सोपं आहे, आणि फोनवर ‘सीआयडी’च्या मीम पाठवून आपण सगळे ते करतोच. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. हा दरवाजा तुटताना बघायला आपल्याला इतकं का आवडतं? आणि आमच्या वऱ्हाडातला गुन्हा या दरवाजामागे का सापडत नाही?

करार कोणाशी?

संकेत म्हणजे सांगणारा आणि बघणारा यांच्यातला अलिखित करार. तमाशात आधी गण, मग गवळण, मग वग. कीर्तनात पूर्वरंगाशिवाय उत्तररंग नाही. हे क्रम ठरलेले असतात म्हणून कोणी कंटाळून उठत नाही, उलट ठरलेल्या जागी कलाकार काय करतो हे बघायला लोक बसतात. गुन्हेकथेचंही तसंच आहे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं रहस्यकथेचे चक्क दहा नियम लिहून ठेवले होते. त्यातला पहिलाच नियम असा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीलाच वाचकाला भेटलेला असला पाहिजे. माझी आजी याच नियमावर खुनी पकडायची.

१९६६ मध्ये त्झ्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकानं आणखी नेमकं सांगितलं. त्याच्या म्हणण्यानुसार रहस्यकथेत दोन गोष्टी असतात. एक गुन्ह्याची, जी पहिल्या पानाआधीच घडून संपलेली असते. दुसरी तपासाची, जी आपल्यासमोर घडते. तपासाचं काम एवढंच की संपलेली पहिली गोष्ट खणून वर काढायची. दरवाजा नेमका या दोन गोष्टींच्या मध्ये असतो. तो तुटला की आजची गोष्ट कालच्या गोष्टीत शिरते.

मराठीत ही परंपरा नवी नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावं आमच्या आजोबांच्या पिढीला शेजाऱ्यांच्या नावांइतकी पाठ होती. टीव्हीवरही ‘सीआयडी’ची मुळं मराठीतच सापडतात. दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीसमालिका केली होती आणि तिच्यात शिवाजी साटम होते. पुढं तेच साटम एसीपी प्रद्युम्न झाले.

पण करार फक्त लेखक आणि प्रेक्षकात होत नाही. तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे दाखवणारा बाजार. ‘सीआयडी’ आठवड्याच्या हिशेबानं घडलेली. मधला एखादा भाग लोडशेडिंगमध्ये गेला तरी प्रेक्षक तुटू नये, म्हणून गोष्ट शक्यतो त्याच भागात किंवा फार तर पुढच्या भागात मिटली पाहिजे. दैनंदिन मालिकेला याच्या उलट करावं लागतं. तिथं गोष्ट मिटली की दुकान बंद. झी मराठीच्या ‘देवमाणूस’मध्ये २०२० साली हेच झालं. २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या वाईच्या खून प्रकरणाशी लोकांनी तिचं नातं लगेच जोडलं होतं. खुनी कोण हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत आहे, डॉक्टर म्हणवणारा अजितकुमार. म्हणजे ‘कोणी केलं?’ हा प्रश्नच मालिकेनं काढून टाकला आणि ‘हा कधी सापडणार?’ हा प्रश्न ठेवला. हा प्रश्न महिनोन्‌महिने ताणता येतो. तो निसटतो, पुन्हा निसटतो, आणि आपण पुन्हा रात्री तिथंच बसतो.

ओटीटीचा हिशेब तिसराच. आठ भाग एका रात्रीत बघून होतात, त्यामुळं दर चाळीस मिनिटांनी खुनी पकडायची घाई नाही. तिथं हवा, माती, शांतता, अधिकाऱ्याचं बिघडलेलं घर यांना जागा मिळते. २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आलेली ‘मानवत मर्डर्स’ ही आशिष बेंडे दिग्दर्शित मालिका याचं मराठीतलं चांगलं उदाहरण आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ दरम्यान झालेल्या खुनांवर ती आधारलेली आहे. तपास करणारे रमाकांत कुलकर्णी मुंबईहून आलेले, आणि त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकरांनी केली आहे.

साहेब बाहेरून येतात

इथंच दुसरा मोठा संकेत दिसतो. गाव आजारी असतं आणि डॉक्टर बाहेरून येतो. अमेरिकेतल्या ‘ट्वीन पीक्स’मध्ये एफबीआयचा माणूस लाकूडकाप्यांच्या गावात येतो. ब्रिटिश ‘ब्रॉडचर्च’मध्ये समुद्रकाठच्या गावात परका अधिकारी येतो. मानवतमध्ये मुंबईचे साहेब येतात. या संकेताची एक सोय आहे. आपल्यालाही ते गाव माहीत नसतं, त्यामुळं साहेबांबरोबर आपणही ते हळूहळू ओळखतो. ‘मानवत मर्डर्स’चा आधारच अधिकाऱ्याच्या आठवणींचं पुस्तक आहे, तेव्हा नजर साहेबांची असणं स्वाभाविक आहे. मला तिच्यातला संयम आवडला. पण या नजरेची एक किंमत असते. गाव फक्त घटनास्थळ म्हणून उरतं. तिथले लोक संशयित असतात, नाहीतर साक्षीदार असतात, नाहीतर प्रेत असतात. साहेब परत गेल्यावर ते काय करतात, हे कोणी दाखवत नाही.

आणि साहेबांची भाषा. माझ्या लेखी या प्रकारातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा संकेत हाच आहे. मराठी पडद्यावर तपास प्रमाण मराठीत होतो. बोली असते ती हवालदाराकडं, चहावाल्याकडं, घाबरलेल्या साक्षीदाराकडं. वऱ्हाडी तर बहुतेकदा हसवण्यापुरतीच येते. भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’मधून आमची बोली साऱ्या महाराष्ट्राच्या घरात नेली, हे मोठंच काम आहे. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की पुण्या-मुंबईत मी ‘जाऊन राह्यलो’ म्हटलं की समोरचा आधीच हसायला तयार असतो. या बोलीत माणूस गंभीर प्रश्न विचारू शकतो, हे त्याच्या कानाला माहीतच नसतं.

‘देवमाणूस’मध्ये एसीपी दिव्या सिंगची भूमिका करणारी नेहा खान अमरावतीची आहे. पडद्यावरच्या तिच्या बोलण्यात अमरावती नव्हती. पात्रच तिकडचं नव्हतं, त्यामुळं तक्रार नाही. तरी मी ती मालिका बघताना मनात म्हणायचो, ही बाई एकदा तरी आरोपीसमोर खुर्ची ओढून बसली पाहिजे आणि म्हणाली पाहिजे, ‘सांगतं का आता, का मी सांगू?’ अख्ख्या राजकमल चौकानं टाळ्या वाजवल्या असत्या.

साधा एक शब्द घ्या. वऱ्हाडात पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लोक ठाणेदार म्हणतात. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांतही ठाणेदार असंच छापून येतं. मराठी मालिकांत मला हा शब्द जवळपास कधी ऐकू आलेला नाही. तिथं इन्स्पेक्टर साहेब असतात, फार तर पीआय. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली की आमच्याकडं ‘मर्ग दाखल झाला’ म्हणतात. हाही शब्द पडद्यावर नाही. शब्द नसले की त्या शब्दांमागचं कामही दिसत नाही.

वऱ्हाडी बोलीला गंभीर वजन पेलत नाही असं कोणाला वाटत असेल तर त्यानं उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाचावी. १९६० ची कादंबरी, आणि तिच्यातली कौतिक याच बोलीत जगते, भांडते, खचते. तिथं कोणाला हसू येत नाही.

थप्पड आणि कायदा

आता शेवटाकडचा संकेत, कबुली. चाळीसाव्या मिनिटाला आरोपीला खुर्चीत बसवतात, दयाची एक थप्पड बसते आणि तो सगळं सांगून टाकतो. का मारलं, कसं मारलं, हत्यार कुठं फेकलं. मागं आठवणीची दृश्यं धूसर निळ्या रंगात चालतात. तोदोरोव्हच्या भाषेत, पहिली गोष्ट पूर्ण खणून निघाली. एपिसोड संपला.

कायद्यात मात्र इथं काहीच संपत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ते तसंच आहे. नियम करणाऱ्या इंग्रजांनाही पोलिसांच्या थपडेचा अंदाज होता म्हणायचा. म्हणजे ‘सीआयडी’चे दीड हजार भाग ज्या क्षणावर संपतात, त्या क्षणाची न्यायालयात फारशी किंमत नाही. खरी केस तिथून सुरू होते. पंच फितूर होतात, तारखा पडतात, साक्षीदार गाव सोडून सुरतला कामाला जातो.

हे दाखवणारी कलाकृती मराठीत आहे, फक्त ती मालिका नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात एका लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळं गटारात काम करणाऱ्या एका मजुरानं आत्महत्या केली. ही भूमिका नागपूरचे वीरा साथीदार यांनी केली. त्यात एकही दरवाजा तुटत नाही. तारीख पडते, जामीन नाकारला जातो, वकील घरी जाऊन जेवतात. प्रेक्षकाला कळत जातं की मजूर कशानं मेला हा प्रश्न कोणालाच फारसा पडलेला नाही. ‘कोर्ट’नं गुन्हेकथेचे सगळे संकेत घेतले, आरोपी, पुरावा, उलटतपासणी, आणि त्यांच्यातून वेग काढून घेतला. वेग काढल्याबरोबर त्या यंत्रणेचा चेहरा दिसायला लागला.

दरवाजा का हवा असतो

थोडा वेळ प्रेक्षकाच्या बाजूनं बोलतो, कारण ती माझीही बाजू आहे. थपडेवर टाळ्या वाजवणाऱ्यांना हिंसेचे चाहते म्हणून सोडून देणं मला पटत नाही. आमच्याकडं दरवाजा म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो सरकारी कचेरीचा. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, बाबू जेवायला गेले. सातबाऱ्यावरचं एक चुकलेलं नाव दुरुस्त करायला माणूस सहा चकरा मारतो. अशा माणसाला रात्री टीव्हीवर एक दरवाजा एका लाथेत उघडताना दिसतो. त्याला त्या लाथेपेक्षा तो वेग हवा असतो.

वेगाचं आम्हाला वावडं नाही. २००४ मध्ये ‘सीआयडी’नं १११ मिनिटांचा एक भाग एकही कट न घेता चित्रित केला, त्याचं अजून कौतुक होतं. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्यामधल्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा सलग ७५ किलोमीटर डांबरी रस्ता झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मी त्या रस्त्यावरून एसटीनं जातो तेव्हा खिडकीशी बसून फोनवर हमखास एखादी पोलीसमालिका लावतो. रस्ता गुळगुळीत आहे, भाग संपेपर्यंत मूर्तिजापूर येतं. त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांतल्या फाइली मात्र अजून खडीवरूनच चालतात.

वेगाच्या या भुकेचा धोकाही खरा आहे. २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. न्यायालयात काहीही सिद्ध झालेलं नव्हतं. पण आपण इतकी वर्षं चाळीसाव्या मिनिटाला न्याय बघत आलो होतो, त्यामुळं अनेकांना एपिसोड नीट संपल्यासारखा वाटला. संकेत पडद्यावरून उतरून रस्त्यावर येतो तो असा.

जिथं प्रेत आहे आणि खुनी नाही

माझा मामेभाऊ अकोला जिल्ह्यात पोलीस शिपाई आहे. भरतीच्या दिवसांत तो पहाटे पाचला उठून १६०० मीटर धावायचा, गोळा फेकायचा, आणि खोलीत भिंतीवर ‘सिंघम’चं पोस्टर होतं. वऱ्हाडातल्या कुठल्याही मैदानावर पहाटे गेलात तर अशी शेकडो पोरं-पोरी धावताना दिसतील. नोकरी लागून आता काही वर्षं झाली. मी त्याला विचारलं, आतापर्यंत किती दरवाजे तोडले? तो हसला. बंदोबस्त, समन्स वाटप, स्टेशन डायरी, मर्गाचे पंचनामे, हे त्याचं काम. पंचनाम्याला तो ज्या घरी जातो तिथला दरवाजा उघडाच असतो. ओट्यावर गाव बसलेलं असतं. बरेचदा तर घरीही जावं लागत नाही, थेट शेतात जावं लागतं. ‘भाऊ,’ तो म्हणाला, ‘वावराले दरवाजा नसते. तोडाचं काय मंग?’

या एका वाक्यानं मला हा लेख लिहायला लावला.

अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात २००१ पासून शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली जाते. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. या सहांत अमरावती आणि अकोला होतेच. असा मृत्यू झाला की एक तपास सुरू होतो. पोलीस मर्ग नोंदवतात. तलाठी, कृषी विभाग, तहसीलदार अहवाल देतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती बसते. शेती कोणाच्या नावावर होती? कर्ज बँकेचं होतं का, सावकाराचं असेल तर तो परवानाधारक होता का? थकबाकी होती का, वसुलीचा तगादा होता का, नापिकी होती का? मग समिती निकाल देते. निकाल दोनच प्रकारचा असतो, पात्र किंवा अपात्र. पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये मिळण्याची योजना आहे, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत.

जरा गुन्हेकथेचा विद्यार्थी म्हणून याकडं बघा. प्रेत आहे. घटनास्थळ आहे. पंचनामा आहे. साक्षीदार आहेत, कागदोपत्री पुरावा आहे, हेतूचा शोध आहे, आणि शेवटी निकालही आहे. या प्रकाराचे सगळे अवयव जागच्या जागी आहेत. फक्त ‘कोणी?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळा तपास मेलेल्या माणसाचा होतो. तो खरंच शेतकरी होता का, त्याचं कर्ज खरंच कर्ज होतं का, हे त्याला मेल्यावर सिद्ध करावं लागतं. बटईनं शेती करणारा, ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो या तपासात शेतकरी म्हणून उभाच राहू शकत नाही. बाईच्या नावावर तर बहुतेकदा जमीन नसतेच.

दुसरं उदाहरण २०१७ चं. त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, काहींची दृष्टी अधू झाली. शासनानं विशेष तपास पथक नेमलं, म्हणजे चक्क एसआयटी. अमरावतीचे विभागीय आयुक्त त्याचे प्रमुख होते. एसआयटी हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढं फलकावर लाल दोऱ्यानं जोडलेले फोटो येतात. इथं तो फलक लावायचा म्हटलं तर फोटो कोणाकोणाचे लावायचे? बोंडअळीला आता बियाणं पुरेसं आवरत नाही, म्हणून फवारणी वाढली. दोन-तीन औषधं एकत्र करून मारा, असा सल्ला दुकानातून मिळतो. कपाशी डोक्याइतकी वाढली की फवारा तोंडावर येतो. हातमोजे, मास्क मजुराला कोणी देत नाही. डब्यावरची सूचना बारीक अक्षरात असते. दवाखान्यात यायला उशीर होतो. लाल दोरा सगळ्यांभोवती फिरतो आणि कोणाच्याच गळ्यात पडत नाही.

गुन्हेमालिकेचा सगळ्यात मोठा संकेत इथं उघडा पडतो. तिला एक माणूस लागतो. एक चेहरा, एक हेतू, एक हातकडी. शंभर जणांनी थोडी थोडी केलेली चूक तिच्या कॅमेऱ्यात मावत नाही. म्हणून टीव्हीवर महाराष्ट्रात एवढे खून होतात आणि त्यात वऱ्हाड जवळपास नसतं. आमच्याकडं मृत्यू कमी आहेत म्हणून नव्हे. आमच्या मृत्यूंना लाथ मारायला जागा सापडत नाही म्हणून.

मग करायचं काय?

हा प्रकार टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत ‘द वायर’ (२००२ ते २००८) या मालिकेनं दाखवलं की पोलीसमालिका अख्खं शहर उचलू शकते. बाल्टिमोर शहर, पाच सीझन. पहिल्यात ड्रग्जचा धंदा आणि पोलीस, दुसऱ्यात बंदर, मग महापालिका, मग शाळा, मग वर्तमानपत्र. प्रत्येक सीझनमध्ये तपास एका आरोपीपासून सुरू होतो आणि एका संस्थेपाशी पोचतो. आरोपी पकडले जातात, तरी संस्था तशीच राहते. प्रेक्षक वैतागत नाही, कारण ‘कोणी केलं?’ या प्रश्नाच्या जागी मालिकेनं त्याला दुसरा, जास्त चटक लावणारा प्रश्न दिलेला असतो: ‘हे सगळं चालतं कसं?’

मला अशी एक वऱ्हाडी मालिका बघायची आहे. अकोट किंवा दर्यापूरकडचं एक ठाणं, खारपाणपट्ट्यातलं, जिथं विहिरीचं पाणीही खारट. वऱ्हाडीत बोलणारी ठाणेदार बाई, जिच्या बोलण्यावर कोणी हसत नाही. पहिल्या भागात एक मर्ग. साधाच, रोजचा, ज्याची फाईल चार दिवसांत बंद व्हायची. ती फाईल एका हट्टी शिपायाच्या हातात पडते आणि तो एकच नसता प्रश्न विचारतो, ‘साहेब, अपात्र कायले ठरोला ह्याले?’ पुढं आठ भाग त्या एका ‘कायले’च्या मागं जायचं. बोगस बियाण्याचं पाकीट कुठून आलं, सावकाराच्या वहीत कोणाकोणाची नावं आहेत, जिनिंगच्या काट्यावर वजन किती भरलं, अहवालात ‘व्यसनाधीन’ हा शब्द कोणी आणि का घातला. रहस्य आहे, पाठलाग आहे, धमकी आहे, खोटे पुरावे आहेत. हा प्रकार ज्यावर जगतो ते सगळं आहे. शेवटी एक-दोघांना हातकडीही पडू दे, आजीसारख्या प्रेक्षकाचा तेवढा हक्क आहे. फक्त हातकडी पडल्यावर कॅमेरा बंद करू नका. तो त्या घरच्या ओट्यावर न्या, जिथं बाई अजून कागद गोळा करते आहे.

आणि चौकशीचं दृश्य कसं असावं, त्याचाही नमुना आमच्याकडं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहिले की निरूपण कमी करायचे आणि प्रश्न जास्त विचारायचे. कर्जाबद्दल, दारूबद्दल, नवसाच्या बोकडाबद्दल. प्रश्न साधे असायचे, आणि उत्तर समोरच्या हजारो माणसांच्या तोंडूनच यायचं. कोणाला खुर्चीला बांधलेलं नसायचं, कोणी थप्पड मारत नसे. लोक आपल्याच तोंडानं आपलं सांगून टाकायचे आणि मग गप्प व्हायचे. चौकशीची यापेक्षा भेदक पद्धत मला कुठल्या मालिकेत दिसलेली नाही. तिच्यात आरोपी पडद्यावर नसतो, समोर बसलेला असतो.

मालिकेतल्या पोलिसानं एकदा तरी तसं आपल्याकडं वळून विचारावं. कापसाला भाव काय मिळाला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? अपात्र म्हणजे काय, हे आपण कधी विचारलं? दया तेवढ्या वेळ बाजूला उभा राहिला तरी चालेल.